अंगकोर वाचायला सात दिवस

अंगकोर वाटच्या पश्चिमेच्या तळ्याकाठी रोज पहाटे गर्दी जमते. पाच शिखरांच्या मागून सूर्य वर येतो, शिखरं पाण्यात उतरतात, आणि तो एक फोटो काढला की बहुतेकांचं अंगकोर पाहून होतं. दृश्य सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच वेळी देवळाच्या पाठीमागे, पूर्वेच्या ओवरीत, सूर्याचा पहिला कोवळा उजेड खांबांमधून आत शिरून जवळजवळ पन्नास मीटर लांबीच्या एका भिंतीवर पडत असतो. त्या भिंतीवर समुद्रमंथन कोरलेलं आहे आणि त्या घटकेला तिथे सहसा सामसूम असते. अंगकोरच्या सहलीचा बेत कसा आखावा असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर या भिंतीपासून सुरू होतं. हाताशी सात दिवस ठेवावेत आणि ते असे लावावेत की या भिंतीपुढे उभं राहाल तोवर नजर तयार झालेली असेल.

कारण अंगकोर म्हणजे एक देऊळ नव्हे. इ.स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्मनने कुलेनच्या डोंगरावर स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करवून घेतला. तिथपासून पंधराव्या शतकात सयामच्या अयुथया राज्याच्या फौजा येईपर्यंत सहाशे वर्षं ख्मेर राजे कंबोडियाच्या या सपाट प्रदेशात राजधान्या वसवत राहिले, तलाव खणत राहिले, देवळं बांधत राहिले. मुक्काम सिएम रीप गावात करायचा आणि तिथून रोज बाहेर पडायचं. प्रवेशाच्या पासचे २०१७ पासूनचे दर एका दिवसाला ३७ डॉलर, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२ असे आहेत. म्हणजे तीनाचे सात दिवस करायला दहाच डॉलर जास्त पडतात. शिवाय सात दिवसांचा पास महिनाभरात कुठल्याही सात दिवशी चालतो, त्यामुळे मध्ये एखादा दिवस नुसतं पडून राहिलात तरी पैसे वाया जात नाहीत. तसा एक दिवस ठेवाच, कारण तिथला दमट उकाडा माणसाला थकवून टाकतो.

गावातले रिक्षावाले आणि सहल कंपन्या दोन ठरलेले फेरे करवतात, एक छोटा आणि एक मोठा. हे फेरे रस्त्याच्या सोयीने आखलेले आहेत. त्यांत सकाळी बाराव्या शतकातलं देऊळ, दुपारी दहाव्यातलं, संध्याकाळी पुन्हा बाराव्यातलं असा प्रकार होतो आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात नुसता दगडांचा ढीग उरतो. माझा आग्रह असा की देवळं बांधली गेली त्या क्रमाने पाहावीत. थोडी जास्त रपेट होते, पण गोष्ट दगडात सांगण्याची कला ख्मेर शिल्पकारांच्या हाती कशी वाढत गेली हे डोळ्यांदेखत उलगडतं. राजांची नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, ही वाढ लक्षात राहते.

पहिला दिवस रोलुओसचा. गावाच्या पूर्वेला, जेमतेम अर्ध्या तासावर, ही नवव्या शतकातली राजधानी हरिहरालय. पहिल्या इंद्रवर्मनने ८७९ मध्ये पूर्वजांच्या नावे उभारलेलं प्रेआ को विटांचं आहे. विटांवर चुन्याचा गिलावा चढवून त्यात नक्षी काढलेली होती आणि साडेअकराशे पावसाळे खाऊनही ती काही ठिकाणी शाबूत आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच राजाने बाकाँग बांधलं. चढत्या पाच टप्प्यांचा हा मेरू, कोपऱ्याकोपऱ्यांवर दगडी हत्ती, भोवती खंदक. प्राकाराच्या भिंतींना जांभा वापरला आहे. कोकणातल्या माणसाला तो दगड लांबूनच ओळखू येतो. डोंगर नसलेल्या मुलुखात देवासाठी डोंगर बांधायचा ही कल्पना इथे पहिल्यांदा मोठ्या आकारात आणि दगडात दिसते. पुढचे सगळे दिवस तीच पुन्हा पुन्हा भेटणार आहे. आणि एक गोष्ट मुद्दाम शोधून पाहा. सर्वांत वरच्या टप्प्याच्या भिंतीवर एके काळी शिल्पपट होता, तो जवळजवळ सगळा झिजून गेला, पण दक्षिण बाजूला झुंजणाऱ्या असुरांचा एक तुकडा उरला आहे. भिंतीवर ओळीने माणसं कोरून गोष्ट सांगण्याचा प्रयत्न नवव्या शतकातच सुरू झाला होता, याचा तो पुरावा.

दुसरा दिवस बांतेय स्रेईचा, आणि तो दिवसभराचा. हे देऊळ राजाने बांधलेलं नाही. यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मणाने, जो पुढे पाचव्या जयवर्मनचा गुरू झाला, ते ९६७ मध्ये प्रतिष्ठापित केलं; देव त्रिभुवनमहेश्वर. आकाराने इतकं लहान की गाभाऱ्याच्या दारातून वाकून जावं लागेल. पण दगड गुलाबी वालुकाश्म, लाकडात कोरावा तितक्या बारकाईने कोरलेला. इथे नवव्या शतकातली ओळ नाही. गोष्ट दारावरच्या कमानदार चौकटीत मावेल एवढीच घ्यायची, पण त्यात सगळं भरायचं, असा इथला बाणा आहे.

दक्षिणेकडच्या ग्रंथागाराच्या पूर्व दारावर रावण कैलास हलवतोय. आपल्याला हा प्रसंग वेरूळमुळे पाठ आहे. कैलास लेण्याच्या दक्षिण अंगाला रावण खाली अंधारात गुडघ्यावर बसून सगळं देऊळच पाठीवर पेलू पाहतो, आणि वर शिव निवांत. वेरूळच्या रावणाला खोली आहे, वजन आहे, सावली आहे. बांतेय स्रेईच्या शिल्पकाराकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे होता हातभर खोलीसुद्धा नसलेला दगडाचा एक त्रिकोण. त्याने काय केलं? कैलासाला पायऱ्या दिल्या. काल बाकाँगला ज्या पायऱ्या चढून गेलात त्याच या. तळाशी अनेक मस्तकांचा रावण, त्याच्या दोन्ही बाजूंना पळत सुटलेले हत्ती आणि सिंह, वरच्या टप्प्यांवर भेदरलेले गण आणि ऋषी, आणि शिखरावर शिव. उमा त्याच्या मांडीवर, त्याला बिलगलेली. भीती तळाशी सर्वांत जास्त आणि वर जाल तशी कमी होत जाते. शिवापाशी पोचेपर्यंत ती नाहीशी होते. कथेचा अर्थ पायऱ्यांच्या क्रमात बसवला आहे. रोलुओस आधी पाहिलेलं नसेल तर हे ध्यानात येत नाही, म्हणून मी क्रमाचा एवढा हट्ट धरतो.

दुसरी चौकट उत्तरेच्या ग्रंथागारावर, पूर्वेलाच. वर ऐरावतावर इंद्र. त्याच्या खाली पाऊस, आणि पाऊस म्हणजे शेकडो बारीक, तिरक्या, समांतर रेघा. त्या रेघांच्या खाली बाणांचं एक आच्छादन, त्याच्या खाली झाडं, सैरभैर झालेले प्राणी, आणि दोन कडांना रथांवर दोन वीर. खांडववनाचं दहन. अग्नीला वन द्यायचं आहे, इंद्राला ते वाचवायचं आहे, आणि कृष्णार्जुनांनी बाणांचं छत धरून पाऊस अडवला आहे. पाऊस कोरणं अवघड असतं. दगडात पाणी दाखवायला फार कमी जणांना जमलंय. इथे तो रेघांनी दाखवला आहे आणि तरीही पटतो, कारण बाणांच्या छतापाशी त्या रेघा थांबतात. खाली एक थेंब नाही. या एका खंडित रेघेवर सगळी गोष्ट उभी आहे.

मोकळं सांगायचं तर अंगकोरच्या सगळ्या पसाऱ्यात हाताच्या कौशल्यात बांतेय स्रेईला तोड नाही. म्हणूनच ते लुटलंही गेलं. १९२३ मध्ये पुढे प्रख्यात झालेला फ्रेंच लेखक आंद्रे मालरो इथल्या देवतांच्या मूर्ती कापून नेताना पकडला गेला. त्या परत आल्या. काही चौकटी मात्र आता दुसरीकडे आहेत. सुंद-उपसुंद तिलोत्तमेवरून भांडतात ती पॅरिसच्या गिमे संग्रहालयात, भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात. नोम पेन्हवरून जाणार असाल तर तिथे अर्धा दिवस ठेवा.

त्याच रस्त्याने पुढे क्बाल स्पिअन आहे. रानातून दीड किलोमीटर चढण चढलं की ओढ्याच्या तळातच कोरलेली शेकडो लिंगं आणि शेषशायी विष्णू दिसतात. पाणी त्यांच्यावरून वाहतं आणि पुढे अंगकोरच्या शेतांना, तलावांना मिळतं. पाणी कमी असेल तेव्हा शिल्पं स्पष्ट दिसतात, पण थोडं पाणी असावं. ती त्याच्याखाली पाहण्यासाठीच कोरलेली आहेत.

तिसऱ्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. दहाव्या शतकातलं प्रे रूप, अपुरं राहिलेलं ता केव, आणि मग बाफुओन. बाफुओनसाठी मात्र डोळे ताजे ठेवा. अकराव्या शतकाच्या मध्यातलं हे देऊळ फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी नीट बसवण्यासाठी सुटं केलं होतं, एकेका दगडाला क्रमांक दिला होता. मग यादवी आली, ख्मेर रूज आले, क्रमांकांची कागदपत्रं नष्ट झाली आणि रानात तीन लाखांच्या आसपास दगड पसरलेले राहिले. ते पुन्हा जुळवायला २०११ उजाडलं. पण माझं लक्ष तिथल्या गोपुरांवरच्या छोट्या चौकोनांकडे असतं. रामायण-महाभारतातले प्रसंग, एकावर एक रचलेले, प्रत्येक चौकोनात दोन-तीन माणसं. बांतेय स्रेईत एका चौकटीत सगळं होतं. इथे गोष्ट तुकड्यांत वाटली आहे. आता फक्त चौकोनांच्या मधल्या रेषा पुसायच्या राहिल्या आहेत. त्या पुसण्याचं काम पुढच्या शतकात अंगकोर वाटमध्ये झालं.

चौथ्या दिवशी सकाळी विश्रांती घ्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला अंगकोर वाटला पश्चिमेने शिरा. दुसऱ्या सूर्यवर्मनने १११३ मध्ये राज्य हाती घेतल्यावर हे विष्णूचं देऊळ बांधायला घेतलं. १९० मीटर रुंदीचा खंदक ओलांडताना घाई करू नका. पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची एक उंच विष्णुमूर्ती आहे. ख्मेर लोक तिला ‘ता रीच’ म्हणतात, उदबत्त्या लावतात, वस्त्रं नेसवतात. देऊळ कधीचंच बौद्ध झालं, पण या देवाची पूजा थांबलेली नाही. हे पाहिल्यावर पुढचा माळ ओलांडताना आपण अवशेषांत चाललोय असं वाटत नाही.

ओवरीत शिरल्यावर उजवीकडे वळा. इथला क्रम आपल्या प्रदक्षिणेच्या उलटा, अप्रदक्षिण आहे. देऊळही पश्चिमाभिमुख. मृत्यूनंतर ‘परमविष्णुलोक’ हे नाव मिळालेल्या राजाचं हे स्मारकही असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं ते यामुळे. आपल्याला व्यावहारिक फायदा असा की हा क्रम आणि सूर्य एकमेकांना सोयीचे आहेत. दुपारी उन्हं पश्चिमेच्या ओवरीत येतात, हिवाळ्यात दक्षिणेची ओवरीही कललेल्या सूर्यामुळे उजळ असते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पूर्वेची पाळी. उठावशिल्पाला आडवा उजेड लागतो. भर माध्यान्ही हीच शिल्पं सपाट आणि करडी दिसतात.

पश्चिमेची दक्षिणेकडची भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव. दोन्ही टोकांना पायदळ एका तालात चाललेलं आहे, पाय एका रेषेत, भाले एका कोनात, मागे वाद्यं. जसजसे मध्याकडे जाल तसतशी रांग विस्कटते आणि मध्यावर नुसता गुंताडा होतो: रथाखाली घोडे, घोड्यांखाली माणसं. सेनापती आकाराने मोठे, त्यामुळे गर्दीतही सापडतात. शरपंजरी भीष्म डाव्या भागात वर आहे. अर्जुनाच्या रथावर चतुर्भुज कृष्ण सारथी. आपल्याकडे रथ म्हटला की गीतेचा क्षण येतो, थांबलेला रथ, खाली ठेवलेलं धनुष्य. ख्मेर शिल्पकाराने तो क्षण घेतला नाही. त्याचा अर्जुन लढतो आहे.

दक्षिणेला वळलं की पुराण सोडून इतिहास सुरू होतो. जवळजवळ नव्वद मीटर लांबीच्या पटावर खुद्द सूर्यवर्मन आहे, आधी दरबारात बसलेला, मग हत्तीवर उभा. सेनापतींच्या शेजारी त्यांची नावं बारीक अक्षरांत कोरलेली. कोण किती मोठा हे छत्र्यांच्या संख्येवरून कळतं. पुढे सयामी सैनिकांची तुकडी येते. ख्मेर शिस्तीत, सयामी विस्कळीत, काहीसे गप्पा मारत चाललेले. शिल्पकाराला परक्यांची चाल वेगळी दाखवायची होती आणि त्याने ती केवळ पायांतून दाखवली.

त्याच ओवरीचा पूर्वेकडचा अर्धा भाग यमाचा. अनेक हातांचा यम वाहनावर बसलाय, पुढे धर्म आणि चित्रगुप्त. नावं लिहिलेली आहेत. इथे ३७ स्वर्ग आणि ३२ नरक आहेत. स्वर्ग एकसारखे आणि, खरं सांगायचं तर, कंटाळवाणे: महाल, पडदे, दास्या. सगळी प्रतिभा नरकात गेली आहे. तांदूळ चोरणाऱ्यांची पोटं फुगलेली, खादाडांचे दोन तुकडे, शंकराच्या बागेतली फुलं तोडणाऱ्यांच्या डोक्यात खिळे. भात पिकवून जगणाऱ्या राज्याला तांदळाची चोरी किती मोठी वाटत होती ते कळायला दुसरा शिलालेख नको.

इथे थांबा आणि परत जा. समुद्रमंथन संध्याकाळी पाहू नका.

पाचव्या दिवशी अंधारातच निघा, पण रिक्षावाल्याला पूर्वेच्या बाजूला सोडायला सांगा. तिथे खंदकावरून मातीची वाट आहे, आजूबाजूला रान. ओवरीत पोचेपर्यंत उजाडू लागलेलं असतं.

भिंतीचे आडवे तीन थर आहेत. तळाशी समुद्र, मध्ये देव-असुर, वर आकाश. सुरुवात मधल्या थरापासून करावी. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, सर्वांच्या हातांत वासुकीचं शरीर. असुरांचे डोळे वटारलेले, डोक्यावर शिरस्त्राण. देवांचे डोळे बदामी, मुकुट निमुळते. एवढा फरक सोडला तर सगळ्यांची ठेवण एकच. पाय रोवलेले, गुडघे वाकलेले, धड मागे कललेलं. एकशेऐंशी जण आणि एकच पवित्रा. पहिल्यांदा पाहताना ही पुनरुक्ती साधी वाटते. थोडा वेळ उभं राहिल्यावर लक्षात येतं की हेच इथलं धाडस आहे. कमी ताकदीच्या शिल्पकाराने मध्येच एखादा थकलेला देव, एखादा घसरलेला असुर कोरला असता. इथे तसा मोह नाही. प्रत्येक बाजूला तीन मोठ्या आकृत्या आहेत तेवढ्याच, ओळ ठामपणे रोवून धरायला. आणि त्या सगळ्यांच्या हातांतून वासुकी जवळजवळ सरळ रेषेत, ताणलेला.

आपल्या घरात रवीने ताक घुसळताना दोरीचं एक टोक ओढलं की दुसरं सैल पडतं. घुसळण त्या सैल पडण्यामुळे होते. इथे कोणीच दोर सैल सोडलेला नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी ओढताहेत, म्हणजे खरं तर मधला थर स्थिर आहे. मग मंथन होतंय कुठे? खाली पाहा. समुद्रात मासे आहेत, मगरी आहेत, नाना जलचर आहेत. भिंतीच्या टोकांकडे ते धड, शांत पोहणारे. मध्याकडे सरकावं तसे दाट होतात, कलतात, आणि मंदराच्या जवळ त्यांचे तुकडे झालेले दिसतात. आता वर पाहा. आकाशात अप्सरांची रांग, एकेक उसळून वर फेकल्यासारखी. देव-असुरांच्या अंगात जी ओढ गोठलेली आहे ती खाली माशांना चिरते आणि वर अप्सरांना जन्म देते. बळ मधल्या थरात आणि हालचाल बाकीच्या दोन थरांत, अशी वाटणी करणारा शिल्पकार फार मोठा असला पाहिजे. त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

मध्यभागी कासवावर मंदर, तोही डोंगरासारखा नाही, खांबासारखा बारीक. त्याच्या पुढे चतुर्भुज विष्णू. आसपास ऐरावत आणि उच्चैःश्रवा अगदी छोटे, नीट पाहिल्याशिवाय न दिसणारे. या भागातलं काम अपुरं राहिलं आहे. आपल्याला पाठ असलेली गोष्ट इथे शोधायला गेलात तर बरंच काही सापडणार नाही. हलाहलाचा प्याला नाही, अमृतकुंभासाठीची झटापट नाही, मोहिनी नाही. उलट जे आपल्या गोष्टीत नाही ते आहे: देवांच्या टोकाला वासुकीची शेपटी धरून एक वानर उभा आहे, आणि त्याची ओळख सहसा हनुमान म्हणून सांगतात. कोणत्या युगात कोण, हा हिशेब इथे सोडून द्यावा. शिल्पकाराने सगळ्या कथेतून फक्त श्रमाचा भाग निवडला आणि फळ म्हणून फक्त अप्सरा दाखवल्या. नंतर देवळात आत जाल तेव्हा भिंतीभिंतीवर, कोपऱ्याकोपऱ्यात शेकडो अप्सरा-देवता उभ्या दिसतील, केशसंभार नाना तऱ्हांचे. त्या या भिंतीतूनच उठून गेल्या आहेत असं मला नेहमी वाटतं.

याच्या पुढचे दोन पट सोळाव्या शतकात पूर्ण केलेले आहेत आणि ते कच्चे आहेत. तिथे वेळ घालवू नका. बाणासुराच्या पटात शेवटी कैलासावर शिव-पार्वतींबरोबर गणपती भेटतो, तेवढा पाहून पुढे व्हा. पश्चिमेच्या उत्तरेकडची लंकेची लढाई मात्र दुपारच्या उन्हात पाहण्यासाठी राखून ठेवा: हनुमानाच्या खांद्यांवर राम, समोर सिंहांच्या रथात वीस हातांचा रावण. नैऋत्य कोपऱ्यातल्या दालनात तारेच्या हातांवर मरणारा वाली आहे, भोवती रडणारी वानरं, प्रत्येकाचं दुःख वेगळं. तिथे अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत थांबा.

सहावा दिवस सातव्या जयवर्मनचा. ११७७ मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या सैन्याने राजधानी लुटली. ११८१ मध्ये हा राजा आला आणि त्याने अंगकोर थॉम उभारलं, तीन किलोमीटर बाजूचा तटबंद चौकोन. दक्षिण दरवाजाच्या पुलावर ५४ देव आणि ५४ असुर नाग धरून बसले आहेत. काल भिंतीवर पाहिलेलं आज पूर्ण गोलाईत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. तुम्ही त्यांच्या मधून जाता. आत बायोनचे हसरे चेहरे सगळ्यांना माहीत असतात. मी बाहेरच्या ओवरीत रेंगाळतो, कारण तिथे पहिल्यांदा सामान्य माणसं येतात. चंपाशी झालेल्या नौकायुद्धाच्या खालच्या पट्टीत बाजार भरला आहे, बायका मासे विकताहेत, कोंबड्यांची झुंज लागली आहे, एक बाई बाळंत होते आहे. १२९६ मध्ये इथे आलेल्या चौ ताक्वान या चिनी शिष्टमंडळातल्या माणसानेही लिहून ठेवलं आहे की इथला व्यापार बायकांच्या हाती असतो. नवव्या शतकात असुरांपासून सुरू झालेली भिंत बाराव्याच्या अखेरीस मासळीबाजारापर्यंत पोचली.

सातव्या जयवर्मनचंच ता प्रोम झाडांच्या मुळांसाठी प्रसिद्ध आहे. मुळं पाहाच, पण तिथल्या ११८६ च्या संस्कृत शिलालेखात राज्यातल्या १०२ रुग्णालयांचा उल्लेख आहे हेही मनात असू द्या. याच राजाची राणी इंद्रादेवी संस्कृतात काव्य रचत होती. फिमेआनाकास देवळातल्या शिलालेखात ते उरलं आहे. आणि आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने १९८६ ते १९९३ या अशांत काळात अंगकोर वाटवर आणि पुढे २००४ पासून ता प्रोमवर काम केलं आहे.

सातव्या दिवशी नवं देऊळ घेऊ नका. जिथे वेळ कमी पडला तिथे परत जा; दुसऱ्या फेरीत नजर आपोआप बारीकसारीक गोष्टींवर जाते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, एप्रिल टाळा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर अंगकोर वाटच्या वरच्या टप्प्यावर सोडत नाहीत. बौद्ध पवित्र दिवशी तो टप्पा बंदही असतो. अकरा ते तीन गावात परतून आराम करा. शाकाहारी असाल तर जेवताना माशाचं काही घालू नका असं स्पष्ट सांगा, कारण रश्शांतसुद्धा ते असतं. शिल्पांना हात लावू नका; कुरुक्षेत्राच्या भिंतीचा काही भाग माणसांच्या हातांनीच गुळगुळीत झाला आहे.

आणि निघण्याआधी महिनाभर रोज थोडं महाभारताचं आदिपर्व आणि रामायणाचं युद्धकांड वाचा, मराठी भाषांतर चालेल. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही गोष्टी आधीच सांगून ठेवा. तिथले मार्गदर्शक कथा दोन वाक्यांत उरकतात, आणि खांडववनाची गोष्ट माहीत नसेल तर बांतेय स्रेईतला तो पाऊस नुसत्या तिरक्या रेघा वाटतो.